ऑक्टोबरची पडझड आणि डिसेंबरच्या बंद बँका: अमेरिका, १९२९ ते १९३३

१७ एप्रिल १९३० रोजी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात डाऊ जोन्स औद्योगिक निर्देशांक २९४ वर बंद झाला. आदल्या वर्षी ३ सप्टेंबरला तो ३८१ च्या शिखरावर होता आणि १३ नोव्हेंबरला १९८ पर्यंत कोसळला होता. म्हणजे ज्या पडझडीला जग महामंदीची जननी म्हणते, तिचे निम्म्याहून थोडे अधिक नुकसान बाजाराने सहा महिन्यांत भरून काढले होते. न्यूयॉर्कमधली एकही मोठी बँक बुडाली नव्हती. व्याजदर उतरत होते. त्या दिवशी कुणी हे प्रकरण लिहायला घेतले असते, तर सट्टेबाजांना चांगली अद्दल घडली एवढे म्हणून वही मिटली असती.

तसे झाले नाही. ८ जुलै १९३२ रोजी निर्देशांक ४१.२२ वर होता. शिखरावर शंभर डॉलर लावलेल्याच्या हातात अकरा डॉलर उरले होते, आणि ३८१ ची पातळी पुन्हा दिसायला नोव्हेंबर १९५४ उजाडावे लागले. शेअर बाजार तरी थोड्यांचा. देशाचे वार्षिक उत्पन्न १९२९ मध्ये सुमारे १०४ अब्ज डॉलर होते, ते १९३३ मध्ये ५७ अब्जांच्या आसपास आले. बेकारी ३ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेली. चारांतला एक माणूस घरी बसला.

शाळेपासून आपण या दोन गोष्टी एका दमात ऐकतो: बाजार कोसळला आणि महामंदी आली. पहिलीमुळे दुसरी. मला हे दोन वेगळे खटले वाटतात. आरोपी काही अंशी तेच आहेत, पण गुन्हे वेगळे आणि तारखाही वेगळ्या. बाजार का कोसळला याचे उत्तर उधारीत आहे. मंदीची महामंदी का झाली याचे उत्तर मोठ्या प्रमाणात बँकांच्या बंद दारांत आहे, आणि ती दारे ऑक्टोबर १९२९ मध्ये नव्हे, नोव्हेंबर १९३० पासून बंद व्हायला लागली.

तेजी कशावर उभी होती

आधी हे मान्य करायला हवे की १९२० चे दशक अमेरिकेला खरोखर चांगले गेले. मोटारी, वीज, रेडिओ, घरोघरी यंत्रे. कारखान्यांची उत्पादकता वाढत होती आणि कंपन्यांचे नफेही. १९२७ पर्यंत शेअरचे भाव नफ्याच्या मागोमाग चढत होते असे म्हणायला जागा आहे. पुढे मात्र भाव सुसाट सुटले आणि नफा मागे पडला. रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीचा शेअर १९२८ या एका वर्षात ८५ डॉलरवरून ४२० वर गेला. या कंपनीने तोवर एक सेंट लाभांश दिलेला नव्हता.

खरेदी चालली होती मार्जिनवर. शेअरच्या किमतीचा काही हिस्सा, कधी दहा टक्के तर कधी निम्मा, ग्राहक भरायचा. उरलेले पैसे दलाल बँकेकडून उचलायचा आणि तेच शेअर तारण ठेवायचा. न्यूयॉर्क बाजाराच्या दलालांचे असे कर्ज १९२७ च्या अखेरीस साडेचार अब्ज डॉलरच्या घरात होते. ऑक्टोबर १९२९ च्या सुरुवातीला ते साडेआठ अब्ज झाले. हे कर्ज 'कॉल' स्वरूपाचे, म्हणजे देणाऱ्याने मागितले की लगेच परत करायचे. त्यावरचे व्याज १९२८ अखेरीस १२ टक्क्यांवर आणि मार्च १९२९ मध्ये काही काळ २० टक्क्यांवर गेले. तारण हातात, पैसे मागताक्षणी परत आणि व्याज इतके तगडे म्हटल्यावर फक्त बँकाच नव्हे, तर उद्योग कंपन्यांनीही आपली शिल्लक इथे लावली, परदेशांतूनही पैसा आला. कारखान्यात गुंतवण्यापेक्षा कारखान्याच्या शेअरवर सट्टा खेळणाऱ्याला उधार देणे जास्त किफायतशीर ठरत होते. तेजीच्या अखेरच्या टप्प्याचे याहून नेमके लक्षण मला माहीत नाही.

उधारीवर आणखी उधारी चढवणारी एक सोय होती: गुंतवणूक ट्रस्ट. ट्रस्टने रोखे आणि अग्रहक्क शेअर विकून कर्जाऊ पैसा उभा करायचा, त्यातून दुसऱ्या कंपन्यांचे शेअर घ्यायचे. मग त्या ट्रस्टने दुसरा ट्रस्ट काढायचा, दुसऱ्याने तिसरा. मडक्यांच्या उतरंडीसारखी ही रचना. गोल्डमन सॅक्स ट्रेडिंग कॉर्पोरेशन डिसेंबर १९२८ मध्ये १०४ डॉलरला बाजारात आली. पुढच्या उन्हाळ्यात तिने शेनान्डोआ काढली, शेनान्डोआने ब्लू रिज. भाव चढताना प्रत्येक थरावर नफा फुगत गेला, उतरताना तोटाही तसाच. १९३२ मध्ये सिनेटच्या समितीपुढे कंपनीच्या भागीदाराला विचारले गेले की तो शेअर आता केवढ्याला आहे. उत्तर आले, सुमारे पावणेदोन डॉलर.

मध्यवर्ती बँक, म्हणजे फेडरल रिझर्व्ह, हे पाहत नव्हती असे नाही. १९२७ च्या उन्हाळ्यात ब्रिटनचे सोने वाचवायला मदत म्हणून फेडने वटाव दर साडेतीन टक्क्यांवर आणला होता. तेजीला पहिले तेल तिथे मिळाले असा आरोप नंतर झाला. (वटाव दर म्हणजे फेड बँकांना ज्या व्याजाने उधार देते तो दर.) पुढे चूक लक्षात आली तशी १९२८ मध्ये तीन टप्प्यांत दर ५ टक्के केला आणि ऑगस्ट १९२९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ६. पण वर्षात पैसे दुप्पट होतील अशा आशेने १२ टक्क्यांनी उधार घेणाऱ्याला ६ टक्क्यांची भीती कसली? तो दर बसला घर बांधणाऱ्याला, शेतकऱ्याला आणि अमेरिकन कर्जावर जगणाऱ्या जर्मनीला. फेब्रुवारी १९२९ मध्ये फेडने बँकांना सट्ट्यासाठी उधार देऊ नका असे बजावले, तरी मार्चअखेरीस नॅशनल सिटी बँकेचे प्रमुख चार्ल्स मिचेल यांनी आपली बँक बाजारात अडीच कोटी डॉलर ओतेल असे जाहीर करून टाकले. हे गृहस्थ त्याच वेळी न्यूयॉर्क फेडच्या, म्हणजे फेडच्या बारा प्रादेशिक बँकांपैकी न्यूयॉर्कमधल्या बँकेच्या, संचालक मंडळावर होते.

परिणाम असा की सट्टा थांबला नाही, पण अर्थव्यवस्था थांबली. अमेरिकेतल्या व्यापारचक्रांच्या तारखा ठरवणाऱ्या राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या हिशेबाने मंदीची सुरुवात ऑगस्ट १९२९ मध्येच झाली, म्हणजे पडझडीच्या दोन महिने आधी. बाजार कोसळला तो आधीच उताराला लागलेल्या अर्थव्यवस्थेवर.

चोवीस ते एकोणतीस ऑक्टोबर

सप्टेंबरच्या सुरुवातीला रॉजर बॅबसन या अर्थभाष्यकाराने पडझड येणार असे भाकीत केले तेव्हा बाजार दचकला, पण सावरला. २० सप्टेंबरला लंडनमध्ये क्लॅरेन्स हॅट्री या वित्तसम्राटाचे बनावट रोख्यांचे साम्राज्य ढासळले आणि ब्रिटिश पैसा परत फिरू लागला. ऑक्टोबरच्या मध्यावर येल विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर म्हणाले की शेअरचे भाव कायमच्या उंच पठारावर पोहोचले आहेत. फिशर यांची थट्टा पुढे जवळजवळ शंभर वर्षे होत राहिली, पण या प्रकरणात ते पुन्हा येतील आणि तेव्हा त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे असेल.

२४ ऑक्टोबर, गुरुवार. एक कोटी २९ लाख शेअरची उलाढाल झाली. तोवरचा विक्रम मोडून कितीतरी पुढे. भाव छापणारे टिकर यंत्र मागे पडले आणि दिवसाचा शेवटचा भाव संध्याकाळी सातनंतर छापला गेला. हा तपशील मला पडझडीच्या यंत्रणेतला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गावोगावच्या दलालांच्या पेढीत बसलेल्या माणसाला आपला शेअर आता केवढ्याला आहे हेच कळत नव्हते. समोर दिसत होता तो दोन-तीन तासांपूर्वीचा भाव, आणि खरा त्याहून खाली असणार एवढीच खात्री. अशा वेळी माणूस किंमत न सांगता 'मिळेल त्या भावाने विका' म्हणतो. दलालही मार्जिन भरू न शकलेल्या ग्राहकांचे शेअर विचारपूस न करता विकत होते. विक्रीने भाव उतरायचा, उतरलेल्या भावाने नव्या ग्राहकाचे मार्जिन संपायचे, त्याचेही शेअर विकले जायचे.

दुपारी मॉर्गन बँकेच्या कार्यालयात मोठे बँकर जमले. दीडच्या सुमारास बाजाराचे उपाध्यक्ष रिचर्ड व्हिटनी सभागृहात चालत आले आणि यू.एस. स्टीलच्या दहा हजार शेअरसाठी त्यांनी २०५ डॉलरची बोली लावली. इतरांच्या बोल्या तेव्हा कित्येक डॉलर खाली होत्या. बाजार सावरला. इतिहासात ज्याला काळा गुरुवार म्हणतात त्या दिवशी निर्देशांक अखेरीस जेमतेम २ टक्के खाली बंद झाला, हे सहसा कुणी सांगत नाही. (व्हिटनी पुढे १९३८ मध्ये अफरातफरीबद्दल तुरुंगात गेले. त्या दुपारच्या बैठकीला हजर असलेले चेस बँकेचे अल्बर्ट विगिन स्वतःच्याच बँकेचे शेअर पडतील यावर डाव लावून बसले होते, हेही १९३३ च्या सिनेट चौकशीत बाहेर आले. नायकांची निवड चुकलेली होती.)

खरा मार पुढच्या आठवड्यात बसला. सोमवारी २८ ला १२.८ टक्के, मंगळवारी २९ ला आणखी ११.७ टक्के. मंगळवारी एक कोटी ६४ लाख शेअर हातोहात गेले आणि बँकर कुठेही दिसले नाहीत. खिडक्यांतून उड्या मारणाऱ्या दलालांच्या कथा बहुतांशी दंतकथा आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या आत्महत्यांच्या आकड्यांत तशी लाट आढळत नाही.

फार बोलले जात नाही ते पुढे न्यूयॉर्क फेडने काय केले याबद्दल. बाहेरच्या सावकारांनी दलालांना दिलेले पैसे धडाधड मागे घेतले. ती कर्जे न्यूयॉर्कच्या बँकांनी स्वतःच्या अंगावर घेतली नसती, तर दलाल आणि त्यांच्यामागून बँका आडव्या झाल्या असत्या. बँकांना ते करता आले, कारण न्यूयॉर्क फेडचे गव्हर्नर जॉर्ज हॅरिसन यांनी सरकारी रोखे विकत घेऊन बाजारात रोकड सोडली. परवानगी आठवड्याला अडीच कोटी डॉलरची होती. त्यांनी १६ कोटींची खरेदी केली. फेडच्या वॉशिंग्टनमधल्या मंडळाने नाराजी नोंदवली, पण एकही मोठी संस्था बुडाली नाही. इतिहासातली सर्वांत गाजलेली शेअर बाजाराची पडझड बँकव्यवस्थेपर्यंत पोहोचण्याआधीच अडवली गेली होती. म्हणूनच एप्रिल १९३० चा तो २९४ चा आकडा.

एक वर्ष, साध्या मंदीचे

या टप्प्यावर माझ्या मांडणीतली कमकुवत बाजू सांगायला हवी. बँका बुडण्याची पहिली लाट येण्याआधीच, ऑक्टोबर १९३० पर्यंत, अमेरिकेचे औद्योगिक उत्पादन पाव हिश्श्याहून अधिक घटले होते. याला बँका जबाबदार नव्हत्या, आणि इथे पडझडीचा वाटा नाकारता येत नाही. तो वाटा गरीब झाल्यामुळे नव्हता. बारा कोटींच्या देशात दलालांकडे खाते असलेले लोक पंधरा लाखांच्या आसपास होते, त्यातले मार्जिनवाले सहा लाख. फटका बसला तो अनिश्चिततेमुळे. बाजार रोज एवढा हेलकावत असेल तर पुढे काय होणार कुणास ठाऊक, म्हणून लोकांनी मोटार आणि फर्निचर घेणे पुढे ढकलले. किराणा कुणी थांबवत नाही, मोटार थांबवता येते. त्यातून या वस्तू हप्त्यांवर घेतलेल्या होत्या आणि त्या काळच्या करारांनुसार एखादा हप्ता चुकला की वस्तू गेली आणि भरलेले पैसेही गेले. म्हणून घरांनी हप्ते भरले आणि बाकी सगळ्या खर्चाला कात्री लावली. कर्जफेड नीट होत राहिली, दुकाने ओस पडली.

तरीही ही मंदीच होती, महामंदी नव्हती. १९२० च्या जानेवारीत सुरू झालेली मंदीही याच तोडीची होती. भाव त्या वेळी जास्त वेगाने पडले होते आणि ती अठरा महिन्यांत संपली. १९३० च्या शरदात कुणी तसाच अंदाज बांधला असता तर त्याला मूर्ख म्हणता आले नसते.

नॅशव्हिल आणि ब्रॉन्क्स

अमेरिकेत त्या काळी पंचवीस हजारांच्या आसपास बँका होत्या. अनेक राज्यांत शाखा काढायला कायद्याने बंदी, म्हणून एका गावात एक इमारत आणि तेवढीच ती बँक. गावचे पीक बुडाले की कर्जदार बुडाले, आणि कर्जदार बुडाले की बँक बुडाली. चांगल्या काळातही, १९२० च्या दशकात, दरवर्षी सरासरी सहाशे बँका बंद पडत. शेजारच्या कॅनडात मोजक्या बँका आणि देशभर शाखा होत्या. महामंदीत तिथली एकही बँक बुडाली नाही, उत्पादन मात्र अमेरिकेइतकेच पडले. माझ्या मांडणीच्या विरोधकांचे हे सर्वांत बळकट हत्यार आहे. त्यावर एवढेच म्हणता येते की कॅनडाची अर्थव्यवस्था गहू, लाकूड आणि कागद यांच्या निर्यातीवर आणि त्यातही अमेरिकन गिऱ्हाइकावर टांगलेली होती. मंदी तिथे आयात झाली.

नोव्हेंबर १९३० मध्ये टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलची कॉल्डवेल अँड कंपनी बुडाली. रोख्यांच्या व्यवहारातली ही पेढी दक्षिणेतल्या बँकांच्या एका जाळ्याशी जोडलेली होती. जाळ्यातल्या बँका पडल्या, मग ज्या बँकांचा या पेढीशी काडीचा संबंध नव्हता त्यांच्या दारातही रांगा लागल्या. त्या एका महिन्यात देशभर २५६ बँका बंद झाल्या. डिसेंबरमध्ये ३५२.

डिसेंबरमधल्या त्या यादीत एक नाव वेगळे होते: बँक ऑफ युनायटेड स्टेट्स. नावाने सरकारी वाटावी, पण होती खासगी. न्यूयॉर्कमधल्या स्थलांतरितांची, विशेषतः कपड्यांच्या धंद्यातल्या ज्यू कुटुंबांची. चार लाखांहून अधिक ठेवीदार. १० डिसेंबरला ब्रॉन्क्समधल्या शाखेत एक छोटा व्यापारी आपल्याकडचे बँकेचे शेअर विकायला आला. अधिकाऱ्यांनी त्याला शेअर चांगला आहे, विकू नका असा सल्ला दिला. बाहेर जाऊन त्याने सांगितले की बँक शेअरचे पैसे द्यायला नकार देते. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी झुंबडीची सुरुवात अशी सांगितली. दुपारपर्यंत शाखेसमोर हजारोंची गर्दी होती.

त्या रात्री शहरातल्या मोठ्या बँकांची बैठक झाली. विलीनीकरणाची योजना तयार होती, मोठ्या बँकांनी तीन कोटी डॉलर घालायचे होते. राज्याचे बँक अधीक्षक जोसेफ ब्रॉडरिक यांनी परोपरीने विनवले की ही बँक पडली तर शहरातल्या इतर बँकांनाही धग लागेल. दोन-तीन आठवड्यांपूर्वीच याच मंडळींनी शहरातल्या दोन मोठ्या खासगी पेढ्या वाचवल्या होत्या. या बँकेला त्यांनी नकार दिला. पूर्वग्रह होता की निव्वळ हिशेब, यावर अजून वाद आहे. बँकेचा कारभार स्वच्छ नव्हता हे खरे, तिचे दोन प्रमुख पुढे तुरुंगात गेले. ११ डिसेंबरला दार उघडले नाही. गंमत अशी की मंदीच्या खोल गर्तेतही तिची मालमत्ता विकून ठेवीदारांना डॉलरमागे ८३ सेंटच्या वर परत मिळाले. म्हणजे बँक दिवाळखोर होती असे मानले तरी फार थोड्या फरकाने.

न्यूयॉर्क फेड बघत राहिले. तेरा महिन्यांपूर्वी परवानगी न विचारता १६ कोटींची खरेदी करणारे तेच कार्यालय, तेच हॅरिसन.

एकाच राज्याचे दोन भाग

बँका वाचवल्या असत्या तर फरक पडला असता का? इतिहासात प्रयोग करता येत नाहीत, हे खरे. पण इथे एक प्रयोग जवळजवळ आपोआप झाला, आणि या सबंध प्रकरणातला मला सर्वांत पटणारा पुरावा तोच आहे.

फेडरल रिझर्व्ह म्हणजे बारा प्रादेशिक बँका. त्यांच्या हद्दीची रेषा मिसिसिपी राज्याच्या जवळजवळ मधून जाते. राज्याचा दक्षिण भाग अटलांटा फेडकडे, उत्तर भाग सेंट लुईस फेडकडे. दोन्हीकडे कापूस, दोन्हीकडे छोट्या गावांतल्या छोट्या बँका, एकच राज्य सरकार आणि बँकांचा कायदाही एकच. फरक होता तो वरच्या दोन कार्यालयांच्या स्वभावात. अटलांटाला झुंबडीशी झुंजायचा सराव होता. १९२६ मध्ये हवानातल्या बँकांवर रांगा लागल्या तेव्हा त्याने क्यूबात रोकड पाठवली होती. १९२९ च्या उन्हाळ्यात फळमाशीने फ्लोरिडातल्या बागा धोक्यात आल्या, टँपाच्या बँकांवर लोक धावले, तेव्हाही अटलांटाने तातडीने नोटा पोहोचवून लोण थांबवले. रांगेतल्या माणसाला पैसे दिसले की तो घरी जातो, हे त्यांना अनुभवाने कळलेले होते. सेंट लुईसचा सिद्धान्त उलट होता: व्यापार आटतो तेव्हा त्याला कर्ज कमी लागते, म्हणून मध्यवर्ती बँकेनेही हात आखडता घ्यावा.

कॉल्डवेलचे लोण दोन्ही भागांत एकदमच पोहोचले. १ जुलै १९३० रोजी दक्षिण भागात १३५ बँका चालू होत्या आणि उत्तर भागात १६५. वर्षभराने, १ जुलै १९३१ रोजी, दक्षिणेत १२१ होत्या आणि उत्तरेत १३२. अटलांटाच्या हद्दीत १४ गेल्या, सेंट लुईसच्या हद्दीत ३३. अर्थतज्ज्ञ गॅरी रिचर्डसन आणि विल्यम ट्रूस्ट यांनी २००९ मध्ये ही तुलना प्रसिद्ध केली आणि ती बँकांपाशी थांबवली नाही. १९२९ ते १९३३ या काळात दक्षिणेतल्या घाऊक व्यापारी पेढ्या ७८३ वरून ६४१ झाल्या; उत्तरेतल्या ९३० वरून ६०७. बँक गेली की तिच्या कर्जावर माल उचलणारा व्यापारी गेला, आणि त्याच्यामागे त्याचा नोकर. गावची बँक नुसती पैशाची पेटी नसते. कुणाला उधार द्यावे, कोण फेडेल याची वीस वर्षांची माहिती तिच्या व्यवस्थापकाच्या डोक्यात असते आणि ती दुसऱ्या गावच्या बँकेला विकत घेता येत नाही.

आता ही रेषा उरलेल्या देशावर पसरून पाहा. देश एकूण सेंट लुईससारखा वागला. १९३० मध्ये १,३५० बँका बुडाल्या, १९३१ मध्ये २,२९३, १९३२ मध्ये १,४५३. उरलेल्या बँका घाबरून कर्जे वसूल करू लागल्या, लोक नोटा गादीखाली ठेवू लागले. नोटा आणि बँकठेवी मिळून होणारा देशाचा चलनसाठा चार वर्षांत एक तृतीयांशाने आटला. एवढा पैसा नाहीसा झाला तर भाव पडणारच.

भाव पडले की इथे फिशर परत येतात. पठाराच्या भाकिताने अब्रू आणि स्वतःची संपत्तीही गमावलेल्या या माणसाने १९३३ मध्ये लिहिले की भाव पडत असताना कर्जदार जितके फेडतात तितके त्यांचे देणे वाढते. शेतकऱ्याला गव्हाच्या बुशेलमागे (सुमारे २७ किलोंचे माप) १९२९ मध्ये १ डॉलर ४ सेंट मिळत, १९३२ मध्ये ३८ सेंट. हजार डॉलरचे गहाण फेडायला आधी सुमारे ९६० बुशेल पुरत. तीन वर्षांनी २,६०० हून जास्त लागले. कर्ज आकड्याने तेवढेच, मेहनतीने अडीचपटीहून अधिक. म्हणून शेतकरी बुडाला, म्हणून त्याची बँक बुडाली, म्हणून पैसा आणखी आटला.

फेडला हे दिसले का नाही? दर दीड टक्क्यावर होता, बँका फेडकडून फारसे उधार घेत नव्हत्या. यावरून फेडने पैसा मुबलक आहे असा निष्कर्ष काढला. भाव वर्षाला आठ-दहा टक्क्यांनी पडत असतील तर दीड टक्का व्याजही सावकारी ठरते, हा हिशेब कुणी मांडला नाही. शिवाय बुडणाऱ्या बहुतेक बँका लहान, खेड्यातल्या आणि फेडच्या सभासदही नसलेल्या होत्या. नालायक बँका जातात, बरेच झाले, असे म्हणणारे उच्चपदस्थ कमी नव्हते.

सोने

मे १९३१ मध्ये व्हिएन्नाची क्रेडिट-आन्स्टाल्ट बँक ढासळली, जुलैमध्ये जर्मनीच्या बँका बंद झाल्या, २१ सप्टेंबरला ब्रिटनने पौंडाचे सोन्याशी असलेले नाते तोडले. आता डॉलरही सुटणार म्हणून परदेशी लोक डॉलर देऊन सोने नेऊ लागले. फेडने ऑक्टोबरमध्ये एका आठवड्यात दर दीडवरून साडेतीन टक्के केला. देशात बँका रोज बुडत असताना पैसा महाग केला, सोने वाचवायला. ऑगस्ट १९३१ ते जानेवारी १९३२ या सहा महिन्यांत १,८६० बँका गेल्या.

सुवर्ण परिमाणाच्या, म्हणजे चलन ठरलेल्या भावाने सोन्यात बदलून द्यायच्या बांधिलकीच्या, नियमात हे अगदी बरोबर होते, हीच अडचण. जे देश सोन्याला लवकर सोडून गेले ते लवकर सावरले: ब्रिटन आणि स्कँडिनेव्हिया १९३१ मध्येच मोकळे झाले, फ्रान्स १९३६ पर्यंत चिकटून राहिला आणि तोवर रखडला. १९३२ च्या वसंतात फेडने संसदेच्या दबावाखाली सुमारे एक अब्ज डॉलरचे रोखे घेतले, घसरण थोडी थांबली. उन्हाळ्यात संसद सुट्टीवर गेली आणि खरेदीही थांबली.

इतर आरोपींबद्दल थोडक्यात. जून १९३० चा स्मूट-हॉले आयातशुल्क कायदा वाईट होता, हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञांनी त्याविरुद्ध सह्या केल्या होत्या आणि जगाने जशास तसे उत्तर दिले. पण निर्यात अमेरिकेच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या आसपास होती, एवढ्याशा शेपटीने एवढे जनावर हलत नाही. राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी काहीच केले नाही हे खरे नाही. १९३२ मध्ये मात्र अंदाजपत्रक जुळवायला त्यांनी सर्वोच्च आयकर २५ वरून ६३ टक्के केला, आणि ती वेळ त्याची नव्हती.

मार्च १९३३

फेब्रुवारी १९३३ मध्ये मिशिगन राज्याने आपल्या सगळ्या बँकांना टाळे लावले आणि लोण पुन्हा पसरले. ४ मार्चला फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी शपथ घेतली त्या दिवशी बहुतेक राज्यांत बँका बंद होत्या किंवा पैसे काढण्यावर मर्यादा होती. ६ मार्चला त्यांनी देशभर बँक-सुट्टी जाहीर केली, ९ ला संसदेने आणीबाणीचा कायदा केला, १२ ला रविवारी रात्री रेडिओवरून त्यांनी लोकांना सांगितले की उद्यापासून ज्या बँका उघडतील त्या तपासून उघडल्या जातील. सोमवारी लोक रांगेत आले ते पैसे भरायला. १५ मार्चला शेअर बाजार उघडला आणि निर्देशांक एका दिवसात १५ टक्के चढला. एप्रिलमध्ये अमेरिकेने सोन्याची गाठ सोडली, भाव चढू लागले, त्यामागून उत्पादनही.

१९ ऑक्टोबर १९८७ रोजी हाच निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के पडला. १९२९ च्या कुठल्याही एका दिवसापेक्षा हे अधिक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी फेडने एका वाक्याचे निवेदन काढले की वित्तव्यवस्थेला लागेल ती रोकड आम्ही पुरवू. मंदी आली नाही.

१९३३ मधल्या सुधारणांत सर्वांत कमी गाजावाजा झालेली म्हणजे ठेवींचा विमा. सुरुवातीला एका ठेवीदारामागे २,५०० डॉलरपर्यंत. बँकर्सच्या संघटनेने त्याला विरोध केला, चांगल्या बँकांच्या पैशाने वाईट बँका पोसल्या जातील म्हणून. रूझवेल्ट यांनाही तो नको होता. संसदेतल्या काही मंडळींनी तो रेटून कायद्यात घातला. १ जानेवारी १९३४ पासून तो लागू झाला. १९३३ मध्ये चार हजार बँका बंद पडल्या होत्या. १९३४ मध्ये विमा असलेल्यांपैकी ९.